परदेशातल्या गावचा पाहुणचार: घ्यावा कसा, फेडावा कसा? (इथिओपियातल्या गामो डोंगरातला अनुभव)

खडकपाणी

नमस्कार मंडळी,

परदेशात स्वयंसेवक म्हणून जायचं असलेले बरेच जण इथे व्हिसा, लसी, विमा, खर्च असं विचारतात आणि त्यांना चांगली उत्तरंही मिळतात. पण ज्या गावात जाऊन राहायचं तिथले लोक आपल्याला जेवू घालणार, नको म्हटलं तरी घालणार, आणि ते अन्न त्यांच्या वर्षाच्या साठ्यातून निघणार. त्यासाठी मनाची आणि हातांची काय तयारी करायची, यावर कुणी लिहिलेलं मला सापडलं नाही. म्हणून हा धागा. मी माझं लिहिते, तुम्ही तुमचं लिहा. मत वेगळं असेल तर जरूर लिहा.

मी पाणीपुरवठ्याच्या कामातली इंजिनियर. नोकरीतली बरीच वर्षं पाटण-जावळीकडच्या वाड्यांमध्ये डोंगरातला झरा बांधून नळाने पाणी खाली आणायच्या योजनांवर गेली. २०१८ मध्ये तशाच कामासाठी दक्षिण इथिओपियात गेले. आदिस अबाबापासून सुमारे ५०० किलोमीटरवर अरबा मिंच हे शहर आहे. त्याच्या पायथ्याशी आबाया आणि चामो ही दोन मोठी सरोवरं, आणि पाठीशी गामो डोंगर. वर चेंचाच्या बाजूला अडीच हजार मीटरच्या वर गावं आहेत. धुकं, थंडी, बांबूची बनं, आणि प्रत्येक घरामागे एन्सेटची बाग.

एन्सेटबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण तिथला पाहुणचार त्याच्याशिवाय कळत नाही. हे केळीच्या कुळातलं झाड. दिसतं केळीसारखंच, पण फळ खात नाहीत. बुंधा आणि जमिनीतला कंद खातात. झाड तयार व्हायला चार ते सात वर्षं लागतात. फुलावर येण्याआधी ते पाडायचं, बांबूच्या पात्याने बुंध्याच्या सोपटांतला गर खरवडून काढायचा, तो पिळून, पानांत गुंडाळून जमिनीतल्या खड्ड्यात आंबायला ठेवायचा. तिथे तो कित्येक महिने राहतो. लागेल तसा बाहेर काढून, त्यातले धागे सुरीने बारीक चिरून, पानात थापून तव्यावर भाजतात. याला कोचो म्हणतात. दक्षिण इथिओपियात सुमारे २ कोटी लोक एन्सेटवर जगतात. पाऊस हुकला, बार्ली गेली, तरी हे झाड उभं असतं. म्हणजे आपल्यापुढे कोचो येतो तेव्हा घरातल्या बायकांची काही वर्षांची राखण आणि काही दिवसांची अंगमेहनत पुढ्यात आलेली असते. खरवडायचं काम सगळं बायकाच करतात. तिरप्या फळीवर सोपट टेकवून, ते एका पायाने दाबून धरून, दोन्ही हातांनी. पाठ भरून येते.

कॉफीचंही तसंच. कॉफी इथिओपियाची, पण इतक्या उंचीवर ती पिकत नाही. ती खालच्या बाजारातून रोख पैसे मोजून आणावी लागते, साखरही. आणि पाहुणा आला की कॉफी होणारच. आधी जमिनीवर हिरवं गवत पसरतात. कच्च्या बिया धुऊन सगळ्यांसमोर तव्यात भाजतात. तवा पाहुण्यांपुढून फिरवतात, ज्याने त्याने धूर हाताने आपल्याकडे ओढून घ्यायचा. मग उखळात कुटून, जेबेना नावाच्या लांब मानेच्या मातीच्या सुरईत उकळतात आणि कान नसलेल्या बारक्या कपांत ओततात. सोबत भाजलेली बार्ली किंवा मक्याच्या लाह्या. त्याच पुडीवर तीनदा पाणी घालून तीन फेऱ्या होतात: आबोल, तोना, बराका. तिसरी म्हणजे आशीर्वाद, त्याआधी उठायचं नाही. सगळं मिळून दीड-दोन तास सहज जातात. दक्षिणेतल्या बऱ्याच घरांत बिया परवडत नाहीत तेव्हा कॉफीची पानं मसाला घालून उकळतात. पण माझ्यासारखी बाहेरची बाई आली की बियाच निघत.

झऱ्याच्या कामासाठी मला घरोघर फिरावं लागे. कुणाच्या शेतातून चर जाणार, नळकोंडाळं कुठे बसणार, वरच्या आळीला दाब पुरेल का, हे सगळं बसून बोलायचं. म्हणजे दिवसाला चार घरं आणि चारही घरी कॉफी. नकार दिला तर बोलणं तिथेच थांबतं, आणि स्वीकारत गेलं तर एका गरीब वस्तीतली साखर माझ्यामुळे संपते.

माझ्यासोबत गावची आरोग्य विस्तार सेविका असायची. इथिओपियाने २००३ पासून हा कार्यक्रम चालवलाय. प्रत्येक केबेलेत, म्हणजे सर्वात लहान प्रशासकीय भागात, साधारण दोन पगारी सेविका असतात, आणि बहुतेक सगळ्या बाया. मी तिला सरळ विचारलं की तुम्ही बायका एकमेकींकडे जाता तेव्हा काय नेता. तिने सांगितलं: मूठभर कच्ची कॉफी, थोडी साखर, नाहीतर बाजाराच्या दिवशी घेतलेलं मीठ. हे घरच्या बाईच्या हातात द्यायचं, आल्याआल्या, त्यावर काही न बोलता. निघताना दिलं तर किंमत चुकवल्यासारखं दिसतं. आपल्याकडे रित्या हाताने जाऊ नये म्हणतात, त्यातलंच हे. मी तेव्हापासून आठवड्याच्या बाजारात कॉफी आणि साखर घेऊन लहान लहान पुड्या बांधून ठेवायला लागले.

पैसे मात्र कधी दिले नाहीत. ज्या घरी राहत होते तिथे संस्थेने ठरवलेलं भाडं आणि जेवणाचा खर्च दर महिन्याला जात होता, तो वेगळा व्यवहार. शेजारणीच्या घरी कॉफी प्यायल्यावर बिर (तिथलं चलन) काढून ठेवणं मला योग्य वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

तुमचे अनुभव वाचायला आवडतील.

पांथस्थ

सुंदर लिहिलंय. शाकाहारी माणसाचं तिथे कसं निभतं? मी अंडंही खात नाही. इथिओपियात कच्चं मांस खातात असं ऐकलं होतं, त्यामुळे जरा धास्ती आहे.

खडकपाणी

पांथस्थ, कच्चं मांस खातात हे खरं, पण ते सणाचं आणि पैसेवाल्यांचं जेवण. खेड्यात रोज कुणाला परवडतं? शाकाहाऱ्याला इथिओपियासारखा सोपा देश आफ्रिकेत क्वचितच असेल. ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन लोक बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात, ईस्टरच्या आधी ५५ दिवस करतात, आणखीही बरेच उपास असतात. साधा माणूससुद्धा वर्षाचे सुमारे १८० दिवस धरतो. उपासाला मांस, दूध, लोणी, अंडं काहीच चालत नाही. म्हणून 'येत्सोम', म्हणजे उपासाचं, एवढं म्हटलं की समजतात. डाळींची आमटी, हिरवी पालेभाजी, आणि शिरो. हा शिरो थेट आपल्या पिठल्यासारखा, फक्त बेरबेरे मसाल्याचा. खाली इंजेरा, म्हणजे आंबवलेल्या पिठाचं मोठं, डोशासारखं धिरडं.

पण एक लक्षात ठेवा. गामो डोंगरात प्रोटेस्टंट घरंही पुष्कळ आहेत आणि ती हे उपास पाळत नाहीत. तिथे 'येत्सोम' म्हणून भागत नाही. घरी पोहोचल्यावर, कोंबडीला हात लावायच्या आत, सोबतच्या स्थानिक माणसाकडून सांगून टाकायचं की ही बाई जन्मापासून मांस खात नाही. कोंबडी कापून झाल्यावर सांगितलं तर त्या घराचं दुहेरी नुकसान.

सातवीण

खडकपाणीताई, धागा काढल्याबद्दल मनापासून आभार. माझा अनुभव नेपाळचा.

२५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर आमचा पुण्याच्या मुलामुलींचा एक गट सिंधुपाल्चोक जिल्ह्यात पत्र्याचे तात्पुरते निवारे उभारायला गेला होता. केंद्र गोरखा जिल्ह्यातल्या बारपाकजवळ, तीव्रता ७.८, पण सर्वात जास्त माणसं सिंधुपाल्चोकमध्ये गेली. एका तामाङ वस्तीत आम्ही राहिलो. दगडमातीची घरं बहुतेक सगळी बसलेली. लोक ढिगाऱ्यातून मका आणि कोदो (म्हणजे नाचणी) उपसून, पाखडून, उन्हात वाळवत होते. आणि त्याच नाचणीचा ढिंडो आमच्या ताटात. सोबत गुंद्रुक, आंबवून वाळवलेल्या पाल्याचं सार. आम्ही तांदूळ नेला होता, तो त्यांनी आमच्यासाठीच शिजवायचं ठरवलेलं, आणि स्वतः ढिंडो खाणार. आम्हाला ते बघवेना.

मार्ग काढला तो तिथल्या आमा समूहाने. आमा समूह म्हणजे गावातल्या बायकांचं मंडळ, नेपाळच्या डोंगरात गावोगाव असतं. त्या बायकांनी पाळी लावली. आज या घरी दोघं, उद्या त्या घरी दोघं. आमचा सगळा शिधा त्यांनी ताब्यात घेतला आणि ज्या घरची पाळी त्या घराला मापून दिला, घरातल्या सगळ्यांना पुरेल एवढा. म्हणजे पाहुणा आला की त्या दिवशी त्या घरातली मुलंही पोटभर भात खायची. वाढणारी आमा मात्र यजमानच राहिली, तिचा मान कुठे कमी झाला नाही. ही युक्ती आम्हाला शहरात बसून सुचली नसती.

नंतर कळलं की अशी पाळीची पद्धत नेपाळच्या होमस्टेंमध्ये आधीपासून आहे. स्याङ्जा जिल्ह्यातल्या सिरुबारीत १९९७ पासून गावाने चालवलेला होमस्टे आहे, तिथेही पाहुणा कुणाच्या घरी जाणार हे गावची समिती ठरवते.

उंबरठा

दोन्ही अनुभव प्रामाणिक आहेत, तरी मला थोडं टोकाचं वाटेल असं बोलायचंय. ज्यांच्याकडे मुळात कमी आहे त्यांच्याकडे जाऊन आपण खातो, मग त्यांच्या औदार्याने भारावतो, आणि परत येऊन ते लिहितो. त्यांना या सगळ्यातून काय मिळतं? कामाचं कौशल्य असलेल्या माणसाबद्दल मी बोलत नाही, ताईंनी पाणी आणून दिलं. पण दोन आठवड्यांसाठी भिंती रंगवायला जाणारी मुलं? नेपाळ आणि कंबोडियात परदेशी स्वयंसेवकांच्या पैशावर अनाथालयं चालली आणि आईबाप जिवंत असलेली मुलं त्यांत भरली गेली, हे आता सगळ्यांना माहीत आहे. माझं मत असं की जाणाऱ्याने आपला शिधा सोबत न्यावा, वेगळा शिजवावा, आणि गावावर एका घोटाचाही भार टाकू नये.

खडकपाणी

उंबरठा, अनाथालयांबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर. हाताला काम येत नसेल तर जाऊ नये, हेही मान्य. पण वेगळं शिजवण्याला माझा विरोध आहे, आणि त्यामागे तत्त्वापेक्षा कामाचं कारण मोठं आहे.

झऱ्याची योजना टिकते ती पाइपामुळे कमी आणि माणसांमुळे जास्त. चर खणायला सगळं गाव श्रमदानाला येतं. इथिओपियात अशा कामाला देबो म्हणतात. एकाच्या शेतावर, घरावर सगळ्यांनी राबायचं, आणि ज्याचं काम त्याने खाऊ घालायचं. आमच्या चराच्या दिवसांत बाया कोचो आणि उकडलेले बटाटे टोपल्यांतून वर घेऊन येत. खणणारे सगळे एकत्र बसून खात. मी त्या वेळी बाजूला माझा डबा उघडून बसले असते, तर त्या पंगतीत माझी जागा काय राहिली असती? नळाची तोटी गळायला लागल्यावर पाणी समितीतल्या बाया मला मोकळेपणाने सांगायला आल्या, कारण आम्ही एकमेकींना घास भरवले होते. हे शब्दशः म्हणतेय. गुर्शा म्हणून प्रथा आहे: इंजेऱ्यात भाजी गुंडाळून मोठा घास समोरच्याच्या तोंडात स्वतःच्या हाताने द्यायचा. एकावर थांबत नाहीत. आणि आपणही उलट द्यायचा असतो, हे नव्या माणसाला कुणी सांगत नाही. द्या. घरच्या म्हातारीला आधी द्या.

भार पडतो हे मात्र नाकारत नाही. म्हणून काही गोष्टी मी नेमाने पाळत होते. तिथे पाहुणे आणि मोठी माणसं आधी जेवतात, उरलेलं मुलांकडे आणि घरातल्या बायकांकडे जातं. ताट रिकामं झालं की लगेच भरतात. त्यामुळे सावकाश खायचं, बोलत राहायचं, आणि ताटात भरपूर उरलेलं असताना हात धुवायला उठायचं. ताटातलं संपवण्याचे आपल्याकडचे संस्कार तिथे बाजूला ठेवावे लागतात. सगळे एकाच मोठ्या ताटातून खातात, आपल्यापुढचाच भाग खातात, त्यामुळे उरलेलं उष्टं होत नाही, ते मुलं आनंदाने खातात.

आजोळ

उंबरठा यांच्या प्रश्नाला उलट्या बाजूने उत्तर देते, कारण आमचं घर यजमान होतं.

अमेरिकेने १९६१ मध्ये पीस कोअर ही स्वयंसेवकांची संस्था सुरू केली आणि १९७६ पर्यंत तिचे तरुण भारतात येत होते, महाराष्ट्रातही. साठच्या दशकाच्या अखेरीस नगर जिल्ह्यातल्या आमच्या आजोळी असाच एक तरुण राहिला होता. कोंबडीपालनाच्या कामासाठी आला होता. आजोबांनी वाड्यातली एक खोली दिलेली. त्याला थोडंफार मराठी शिकवून पाठवलेलं होतं.

आजीकडून मी त्याच्या गोष्टी किती वेळा ऐकल्यात! तो मांडी घालून बसायला कसा शिकला, बाजरीची भाकरी कशी मोडायला लागला, पोळ्याला बैल रंगवायला कसा हौसेने बसला. आजीच्या बोलण्यात कधी ओझं नव्हतं. आमच्याकडे राहिला, आमचं मीठ खाल्लं, परत गेल्यावर पत्रं लिहिली, याचा तिला शेवटपर्यंत अभिमान होता.

पण माझी मावशी तेव्हा सात-आठ वर्षांची होती. तिला आठवतं ते दूध. घरात एक गाय. त्या काळात रोजचा पेला पाहुण्याकडे जायचा आणि मुलांना ताक. मावशीच्या मनात त्याच्याबद्दल राग नाही, तिलाही तो आवडायचा, तिला तो कागदाची विमानं करून द्यायचा. पण ती म्हणते की त्याला हे कुणी सांगितलं नाही आणि त्याने कधी विचारलं नाही. एकाच घरातल्या या दोन्ही आठवणी खऱ्या आहेत. म्हणून खडकपाणी, तुम्ही ताटात उरवण्याचं जे लिहिलंत ते वाचून मी मावशीला फोन केला आणि वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्या बाईंना माझा नमस्कार सांग.

खडकपाणी

मावशींना माझाही नमस्कार. यजमानाच्या घरातल्या मुलांच्या बाजूने कुणी बोलत नाही, ते तुम्ही बोललात. स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणात हे सांगायला हवं.

काजूबोंड

मी मूळची फोंड्याची, फ्रान्समध्ये असते. तिथून पोषण-प्रकल्पावर सेनेगलच्या ग्रामीण भागात गेले होते. तिथे पाहुणचाराला तेरांगा म्हणतात आणि त्याचा देशाला मोठा अभिमान आहे.

एका मोठ्या परातीत भात, वर मासा आणि भाज्या, भोवती सगळे. आपल्यासमोरचा त्रिकोण आपला. मधला मासा घरची बाई हाताने तोडून तोडून पाहुण्यापुढे सरकवत राहते. मीही तेच करायचे, माझ्यापुढे आलेला तुकडा शेजारच्या मुलापुढे सरकवायचा. कुणी काही म्हणायचं नाही, ते चालतं. पुरुषांची परात आणि बायकामुलांची परात बऱ्याच घरी वेगळी असते. मला पाहुणी म्हणून पुरुषांच्या परातीला बसवत. थोड्या दिवसांनी मी बायकांकडे बसायची परवानगी मागितली. पोषणाचं काम करायचं तर मुलांना काय वाट्याला येतं हे तिथेच दिसतं.

तिथेही चहाच्या तीन फेऱ्या, अताया. पहिली कडू, मग गोडी वाढत जाते. भेट म्हणून साखर, चहा, कोला नट (चघळायची कडू बी). आणि घरात राहणाऱ्या परदेशी माणसाला ते आपलं आडनाव देतात. मग गावात त्याच आडनावाने हाक मारतात, थट्टाही त्याच आडनावावरून होते, कारण कुठल्या आडनावाने कुठल्या आडनावाची चेष्टा करायची हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे.

नवखी

मी पुढच्या वर्षी टांझानियात जाणार आहे, परिचारिका म्हणून. वय २६, एकटी. घरगुती दारूचं काय करायचं? मी घेत नाही. आणि पाणी? जिथे तिथे पाणी पुढे करतात, ते नाकारायचं कसं? घरी आईला याचीच काळजी.

खडकपाणी

नवखी, तुझं कौतुक. टांझानियाचं नेमकं तिथे राहिलेले सांगतील, मी माझ्या भागाचं सांगते.

तेल्ला म्हणजे बार्लीची घरगुती बिअर, तेज म्हणजे मधाची दारू, आणि अराके हे गाळलेलं, फार कडक. गामो डोंगरात पाहुण्यापुढे अराके येतेच. पण प्रोटेस्टंट लोक पीत नाहीत, मुसलमान पीत नाहीत, त्यामुळे न पिणारा माणूस तिथे कुणाला नवा नाही. धर्मामुळे किंवा घरच्या रीतीमुळे घेत नाही एवढं म्हटलं की पुरतं. पेला हातात घेऊन ओठाला लावल्यासारखं करण्यापेक्षा सरळ सांगणं बरं, नाहीतर दरवेळी पुढे येत राहतो.

पाण्याचं मात्र मन कठोर कर. कच्चं पाणी प्यायचं नाही. तुझी बाटली कायम हातात दिसू दे. उकळलेलं काहीही चालतं, कॉफी, चहा, पानांचा काढा. म्हणून तर कॉफीला मी कधी नाही म्हटलं नाही. हात धुवायला तांब्या-परात घेऊन घरातलं एखादं मूल येतं, ते पाणी हातापुरतंच.

एकटीने राहायचं तर राहतं घर निवडताना त्यात बायका किती आहेत ते बघ. माझ्या घरी सासू, सून आणि दोन मुली होत्या. संध्याकाळी अंधार पडायच्या आत घरी, हा नियम त्यांनीच घातला आणि मी तो पाळला.

आणखी एक, घड्याळ. इथिओपियात दिवस सूर्योदयापासून मोजतात. 'दोन वाजता जेवायला ये' म्हणजे आपले सकाळचे आठ. स्वाहिली बोलणाऱ्या भागातही असंच सहा तासांचं अंतर आहे, म्हणून तुलाही उपयोगी पडेल. बोलावणं आलं की सकाळी की संध्याकाळी ते विचारून घे.

डॉक्टरकाका

नवखी, उकळलेल्या पाण्याबद्दल ताईंनी सांगितलं ते पुरेसं आहे. ओआरएसची पाकिटं जवळ ठेव आणि मलेरियाचा सल्ला निघण्याआधी डॉक्टरांकडून घे.

खडकपाणी, मला तुमच्या भागाबद्दल विचारायचं होतं. इथिओपियाच्या डोंगरात पोडोकोनिओसिस आढळतो ना? ज्वालामुखीच्या लाल मातीत वर्षानुवर्षं अनवाणी राबून पाय सुजतात, हत्तीरोगासारखे दिसतात, पण डासांशी संबंध नसतो. रोज पाय धुणं आणि बूट घालणं हाच मुख्य उपाय. पाणी घराजवळ आलं की त्यात फरक पडायला हवा.

खडकपाणी

हो डॉक्टरकाका, आढळतो. आणि पाहुणचाराशी त्याचा संबंध आहे. लोक हा आजार शाप समजतात, त्या घरी सोयरीक करत नाहीत, काही जण त्या घरचं खातही नाहीत. आमच्या सेविकेने मला मुद्दाम अशा एका घरी कॉफीला नेलं. घरच्या आजींचे दोन्ही पाय सुजलेले. तिन्ही फेऱ्या होईपर्यंत आम्ही बसलो, शेजारणी दारातून बघत होत्या. त्यानंतर काही दिवसांनी त्यातल्या दोघी तिथे कॉफीला बसलेल्या मी पाहिल्या. बाहेरच्या माणसाने कुठे बसून खाल्लं हे सगळं गाव बघत असतं. त्यामुळे आपण फक्त मुखियाकडे, शिक्षकाकडे, पत्र्याच्या घरांतच जेवत राहिलो तर त्याचाही अर्थ निघतो. मी आळीतल्या शेवटच्या घरापर्यंत जायचे.

सातवीण

हे फार महत्त्वाचं आहे. नेपाळमध्येही आमा समूहाच्या पाळीत दलित घरं घ्यायची की नाही यावर पहिल्या दिवशी कुजबुज झाली होती. आमच्यातल्या एका मुलीने हात वर करून सांगितलं की मी तिथे जेवणार. पुढे पाळीत ती घरं आली.

उंबरठा

वाचून मत थोडं बदललं. वेगळं शिजवण्याचा आग्रह सोडतो. पण फेडायचं कसं, हा ताईंनी स्वतः विचारलेला प्रश्न अजून बाकीच आहे. कॉफीच्या पुडीने एवढं सगळं फिटतं का?

खडकपाणी

नाही फिटत. मला जे जमलं ते सांगते.

तिथे प्रत्येक वस्तीत इद्दिर असतो. घरटी थोडे पैसे दर महिन्याला भरायचे. घरात कुणी गेलं की इद्दिर तंबू, बाकं, मोठी भांडी पुरवतो, शेजारी स्वयंपाक करतात, आणि दुःखातल्या घराला काही दिवस चूल पेटवावी लागत नाही. आपल्या भिशीसारखी इकुबही असते, पण ती पैशांची, इद्दिर माणसांचा. मी घरमालकिणीला विचारून माझी वर्गणी भरायला लागले. मग मयताला जाऊन बसणं आलं. शब्द न बोलता तासन्‌तास बसायचं. बाकांवर जागा नसेल तर जमिनीवर. पाणी वाहायला, बटाटे सोलायला हात लावायचा. एन्सेट खरवडायच्या दिवशीही जायचे. माझ्याकडून त्यांच्या निम्मंसुद्धा काम होत नसे, तरी फळीपाशी जागा करून देत. तिथे माणसाचं देणं-घेणं या मार्गांनी चालतं, त्यातच आपणही शिरायचं.

त्या समाजाची एकमेकांवरची ही पकड मी सप्टेंबर २०१८ मध्ये पाहिली. आदिसजवळ बुरायूमध्ये दंगल झाली, त्यात गामो माणसं मारली गेली. तिथे विणकामासाठी गेलेली कुटुंबं बरीच. अरबा मिंचमध्ये तरुणांचा जमाव सूड घ्यायला निघाला. गामो वडीलधारे हातात हिरवं गवत घेऊन त्यांच्यापुढे रस्त्यात गुडघे टेकून बसले. गवत म्हणजे शांततेची खूण. ते ओलांडून पुढे जाता येत नाही. पोरं मागे फिरली. देशभर त्याची बातमी झाली. आमच्या गावात त्या रात्री कुणी झोपलं नव्हतं, सगळे फोनवर होते. असे वडीलधारे ज्या समाजात आहेत, तिथे मला ओळखीपाळखीशिवाय घरात घेतलं गेलं, याचं नवल कमी झालं.

पांथस्थ

हे वाचून शहारा आला. ताई, एक साधा प्रश्न. इथून जाताना भेट म्हणून काय न्यावं? बॅगेत जागा कमी असते.

खडकपाणी

खेळणी, चॉकलेटं, पेन मुलांना वाटत फिरू नका, त्याने मुलं प्रत्येक परक्यामागे धावायला लागतात. घरातल्या बाईला रोज वापरता येईल असं न्या. मी स्टीलचे घट्ट झाकणाचे डबे नेले होते, उंदरांपासून बार्ली राखायला ते फार उपयोगी पडले. सुया-दोरे, चांगली विळी किंवा सुरी. आणि घरच्यांचे फोटो कागदावर छापून. सगळ्यांनी माझ्या आईचा फोटो हातात घेऊन बघितला, आणि मग आपापल्या आईबद्दल बोलायला लागल्या.

महाराष्ट्राची ओळख मात्र सांगावी लागली नाही. अरबा मिंचच्या रस्त्यांवर सगळ्या तीनचाकी रिक्षांना 'बजाज'च म्हणतात. माझ्या देशातून त्या येतात म्हटल्यावर रिक्षावाला भाडं घ्यायला तयार होईना, त्याला ते हातात कोंबावं लागलं.

नवखी

स्टीलचे डबे यादीत टाकले. आईलाही धागा वाचायला दिलाय. तिचा प्रश्न: टांझानियात मुलीने मोठ्या माणसांना नमस्कार कसा करायचा?

काजूबोंड

नवखी, माझी एक सहकारी टांझानियातली होती, तिच्याकडून शिकलेलं सांगते. वयाने मोठ्या माणसाला 'शिकामो' म्हणायचं, ते 'माराहाबा' म्हणून घेतात. घरात शिरताना दारात 'होदी' म्हणून थांबायचं, आतून 'करीबू' आलं की मगच आत. आईंना सांग, शिकामो रस्त्यात भेटलेल्या अनोळखी आजींनाही म्हणायचं असतं. तेवढं पाठ करून जा.